माझ्या पायाचं दुसरं ऑपरेशन

पहिल्या ऑपरेशनच्या आधी डॉक्टर माझ्या पायाबद्दल माझ्या नवऱ्याशी बोलले. मी तपासणीच्या टेबलावर बसले होते, माझा उजवा पाय त्यांच्या हातात होता आणि ते मान वळवून माझ्या नवऱ्याला सांगत होते, "हाड वाढलंय. स्वल्प घासून टाकू. दोन दिवसांत चालायला लागतील." लागतील म्हणजे मी. नवरा कन्नडमध्ये म्हणाला, "सरी," म्हणजे बरं. मीही मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा मला अजून राग येतो. त्या डॉक्टरांचाही येतो, नवऱ्याचाही येतो. अडीच वर्षं झाली, राग कमी होईल असं सगळे म्हणत होते. झाला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी मूळची निपाणीकडची. घरी मराठी, शाळेत कन्नड. लग्न होऊन बेंगळूरला आले, येलहंक्यात पहिल्या मजल्यावर भाड्याचं घर घेतलं, आणि हेब्बाळजवळच्या एका मोठ्या हॉटेलात रिसेप्शनवर नोकरीला लागले. त्याला एकवीस वर्षं झाली. आठ तासांची शिफ्ट, पूर्ण वेळ उभं राहायचं. गणवेशाची साडी, घट्ट अंबाडा आणि काळे बंद बूट. त्या बुटांचं टोक निमुळतं आणि टाच दोन इंचांची. पाहुण्यांना काउंटरच्या वरचाच भाग दिसतो, बूट कुणाला दिसतसुद्धा नाहीत. पण हॉटेलच्या नियमांच्या वहीत टाचेची उंचीही लिहिलेली आहे.

चाळिशी ओलांडल्यावर माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी, आतल्या बाजूला, गाठ दिसायला लागली. सुरुवातीला नुसती लाल व्हायची. मग अंगठा हळूहळू शेजारच्या बोटाकडे कलू लागला. दोन वर्षांत तो त्या बोटावर चढायला आला. शिफ्ट संपली की बूट काढताना डोळ्यांत पाणी यायचं. गाठीला चादरीचा स्पर्शही नको वाटायचा. नणंदेनं फोनवर सांगितलं, कुरूप असेल, औषधाच्या दुकानात पट्टी मिळते. मी ती लावली. बोटांच्या मध्ये कापूस घातला, रात्री खोबरेल चोळलं, मोठ्या मापाचे बूट घेतले. पण मोठं माप म्हणजे लांबी वाढते, टोक निमुळतंच राहतं. पाय मागेपुढे सरकायचा आणि गाठ जास्तच घासायची.

मग कुणीतरी सांगितलं की याला इंग्रजीत बनियन म्हणतात. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो हसायला लागला. "बनियन? तुझ्या पायाला बनियन झालंय?" पुढचे कित्येक दिवस त्याचा हाच विनोद चालू होता. दिरांचा फोन आला की सांगायचा, हिच्या बनियनचं ऑपरेशन करायचंय, माझं बनियन मात्र फाटलंय तिकडे कुणी बघत नाही. पहिल्यांदा मीही हसले. दहाव्यांदा हसले नाही तर म्हणाला, तुला काही गंमत कळत नाही. जे दुखणं सांगितल्यावर माणसं हसतात ते दुखणं सांगायचं बंद होतं. मीही बंद केलं. दीड वर्ष त्यात गेलं.

शेवटी एका सकाळी मला बुटात पाय घालताच येईना तेव्हा आम्ही घराजवळच्या एका नर्सिंग होममध्ये गेलो. हाडांचे डॉक्टर, पन्नाशीचे, घाईतले. झोपवून एक्स-रे काढला, तो खिडकीच्या उजेडात धरून पाच सेकंद बघितला आणि वर सांगितलं ते नवऱ्याला सांगितलं. मला त्यांनी एकच विचारलं, "साखर आहे का?" नाही म्हटलं. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. गाठ घासून काढली, टाके घातले, तिसऱ्या दिवशी मी खरंच चालत होते. महिन्याच्या आत परत काउंटरला उभी होते, त्याच काळ्या बुटांत. कुणी सांगितलं नाही की घालू नका. मी निघताना विचारलं होतं, "कामावर गेलं तर चालेल?" ते म्हणाले होते, "आरामात."

आठ महिने बरे गेले. नवव्या महिन्यात गाठ परत दिसली. वर्ष उलटलं तोवर ती आधीइतकी झाली, आणि अंगठा आधीपेक्षा जास्त वाकडा. आता अंगठ्याशेजारच्या बोटाखालीही, तळव्याला, खडा टोचल्यासारखं दुखायचं. मला वाटलं माझीच काही चूक झाली. जास्त चालले असेन, पथ्य पाळलं नसेन. नवराही तेच म्हणाला. "डॉक्टरनं तर काढून टाकलं होतं. तूच काहीतरी केलं असशील."

खालच्या मजल्यावर आमच्या घरमालकीण राहतात. सत्तरीच्या, एकट्या. मी त्यांना अक्का म्हणते. एकदा मी जिना उतरताना कठड्याला धरून थांबले, तेव्हा त्या दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं आणि कन्नडमध्ये विचारलं, "परत आलं?" मी हो म्हटलं. त्या आत गेल्या आणि एका कागदावर पत्ता लिहून घेऊन आल्या. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या पायाचं ऑपरेशन जिनं केलं, ती डॉक्टर महादेवपुऱ्याकडे बसते, फक्त पाय आणि घोटा बघते. "तुझ्या यजमानांना सांगत बसू नकोस," अक्का म्हणाल्या, "एकटी जा."

मी एकटीच गेले. दोन बस बदलून पोचायला पावणेदोन तास लागले. डॉक्टर माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान असेल. तिनं आधी मला चपला काढून व्हरांड्यात चालायला लावलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत, मग चवड्यांवर. मग म्हणाली, आता एक्स-रे काढून या, पण उभं राहून. तिथल्या माणसानं मला एका लाकडी पायरीवर उभं केलं, दोन्ही पायांवर सारखा भार टाकायला सांगितलं. मी त्याला म्हणाले, मागच्या वेळी झोपवून काढला होता. तो म्हणाला, "मॅडम, पाय उभं राहण्यासाठी असतो ना? भार पडल्यावर हाडं कुठं जातात ते झोपून कसं दिसणार?" तो तंत्रज्ञ होता, डॉक्टर नव्हता, आणि त्याला हे माहीत होतं. मला आलेला पहिला खरा राग तो, त्या लाकडी पायरीवर.

डॉक्टरनं तो एक्स-रे पडद्यावर लावला आणि पेनानं दाखवत गेली. कन्नडमध्ये बोलली, आणि माझ्याशीच बोलली, कारण तिच्यासमोर मी होते. तिनं सांगितलं की ही गाठ म्हणजे नवीन उगवलेलं हाड नव्हे. पंजातलं लांब हाड दुसऱ्या पायाच्या दिशेनं सरकलंय, त्याच्या पुढचा अंगठा उलट दिशेला गेलाय, आणि दोघांचा जिथं कोपरा होतो तो बाहेर आलेला कोपरा आपल्याला गाठ म्हणून दिसतो.

"मग तो कोपरा घासला तर?" मी विचारलं.

"तर कोपरा घासला जातो. हाड सरकलेलंच राहतं, आणि पुढेही सरकतं. तुमच्या घरात कुणाला होतं का?"

मी नाही म्हणणार होते. मग आईचे पाय आठवले. माझी आई तंबाखूच्या वखारीत काम करायची. जन्मभर पायात रबरी चपला किंवा काहीच नाही. बूट तिनं कधी घातला नाही. आणि तिचे दोन्ही अंगठे असेच शेजारच्या बोटांकडे वळलेले होते, गाठी तर माझ्याहून मोठ्या. आम्हां भावंडांना वाटायचं आईचे पाय असेच आहेत, जसं कुणाचं नाक मोठं असतं. ती संध्याकाळी पाय कोमट पाण्यात घालून बसायची आणि आम्ही कधी विचारलं नाही की का. डॉक्टर म्हणाली, पायाची ठेवण घराण्यातून येते, बुटांनी ती लवकर बिघडते आणि जास्त दुखते. म्हणजे बूट नसते तरी कदाचित झालं असतं, पण इतकं आणि या वयात नसतं.

मग तिनं पुढचं सांगितलं. काहीच न कापता राहता येतं का, हे तिनं सगळ्यात आधी सांगितलं, त्याचं मला नवल वाटलं. रुंद पंज्याचे, सपाट, मऊ बूट, आत आधाराची गादी, दुखेल तेव्हा गोळी. अंगठा सरळ होणार नाही, पण दुखणं सोसण्याजोगं झालं तर ऑपरेशनची गरज नाही. दिसायला वाईट दिसतं म्हणून मी कापत नाही, ती म्हणाली. आणि कापायचंच झालं तर सगळ्यांना एकच ऑपरेशन नसतं. कोन थोडा असेल तर ते लांब हाड कापून जागेवर सरकवतात आणि स्क्रूनं बसवतात. अंगठ्याचा सांधाच झिजला असेल तर तो जोडून टाकतात, मग अंगठा तिथं वाकत नाही. मी विचारलं, "छोट्या छिद्रांतून करतात म्हणे?" ती म्हणाली, "करतात, आणि काही पायांना ते चांगलं असतं. तुमचा कोन मोठा आहे आणि पायाच्या मधला हा सांधा सैल आहे, म्हणून हाड परत परत सरकतं. तुमच्यात तो सांधा सरळ करून कायमचा जखडावा लागेल. त्याला वेळ लागतो. सहा आठवडे त्या पायावर अजिबात भार नाही. तीन महिन्यांनी साधे बूट. सूज जायला वर्षही लागतं. आणि तरीही थोडं परत येऊ शकतं, अंगठा थोडा ताठ राहू शकतो, कातडीला एखाद्या जागी बधिरपणा राहू शकतो."

मी विचारलं, "पहिल्याच वेळी हे करता आलं असतं?"

"त्या डॉक्टरांनी तेव्हा काय विचार केला ते मी सांगू शकत नाही."

परतीच्या बसमध्ये मी या वाक्यावर धुमसत बसले. तिनं मला सगळं सांगितलं होतं, फक्त हे सांगितलं नाही. एका डॉक्टरनं दुसऱ्याची चूक झाकली असं मला वाटलं. आज वाटतं ती काही खोटं बोलली नाही, तिला खरंच माहीत नव्हतं. पण तेव्हा मला कुणीतरी स्पष्ट म्हणायला हवं होतं की बाई, तुमची चूक नाही.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरकडे गेले. आमचा मॅनेजर मुंबईचा, पस्तिशीचा, माझ्याशी मराठीत बोलतो आणि मला ताई म्हणतो. मी सांगितलं, मला सपाट, रुंद बूट घालायची परवानगी हवी. काळेच असतील. डॉक्टरची चिठ्ठी आहे.

"ताई, मी टोटली समजू शकतो," तो म्हणाला. "पण ग्रूमिंगचं स्टँडर्ड वरून येतं. एकाला एक्सेप्शन दिलं की सगळे मागणार. आपण मराठी माणसं, म्हणून मोकळं सांगतो. फ्रंट डेस्कवर असले बूट नाही चालणार. रिझर्व्हेशनला टाकू का तुम्हाला? मागच्या रूममध्ये? तिथं काहीही घाला."

मागच्या खोलीत खिडकी नाही आणि तिथं नवीन मुलींना शिकायला बसवतात. एकवीस वर्षं मी समोर उभी होते. मी म्हणाले, "म्हणजे ऑपरेशन न करता बरं होण्याचा जो एक मार्ग आहे तो तुमच्या नियमात बसत नाही."

"असं नका ना घेऊ, ताई."

कसं घ्यायचं ते त्यानं सांगितलं नाही. माझं हाड कापायचं की नाही हे त्या नियमांच्या वहीतल्या टाचेच्या उंचीवर ठरलं. मी अजूनही हे वाक्य मनातल्या मनात त्याला ऐकवत असते.

त्याच आठवड्यात मी पहिल्या डॉक्टरांकडे गेले. नंबर लावला, तपासणीचे पैसे भरले, पाऊण तास बसले आणि आत जाऊन उभं राहून काढलेला एक्स-रे त्यांच्या टेबलावर ठेवला.

"दुसरीकडे गेलात का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही मला उभं करून फोटो का काढला नाही?"

"तेव्हा गरज वाटली नाही."

"नुसतं घासलं तर परत येतं, हे का सांगितलं नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"काय विचारायचं हे मला कुठून कळणार होतं?" माझा आवाज चढला. बाहेरच्या नर्सनं दार ढकलून बघितलं. ते मात्र शांत होते. म्हणाले, "बघा, फार सांगितलं की पेशंट घाबरतात. आणि तुमच्या मिस्टरांना मी सगळं समजावलं होतं."

मी घरी येऊन नवऱ्याला विचारलं, डॉक्टरांनी तुम्हाला काय समजावलं होतं? तो टीव्ही बघत होता. बराच वेळ आठवून म्हणाला, "घासतात म्हणाले."

"आणखी?"

"दोन दिवसांत चालेल म्हणाले. चाललीस की."

दुसऱ्या ऑपरेशनचं सांगितल्यावर तो म्हणाला, "परत? लोक हसतील." मी म्हणाले, "तुम्ही हसून झालंय, लोकांचं मी बघेन." लग्नाला तेवीस वर्षं झाली, त्याच्याशी असं बोलायची पहिलीच वेळ. तो उठून गॅलरीत गेला आणि दोन दिवस कामापुरतं बोलला. मला त्या दोन दिवसांत बरं वाटलं.

मी डॉक्टरला विचारायचे प्रश्न एका कागदावर लिहून नेले. तिनं एकेकाचं उत्तर दिलं आणि मी ते लिहून घेतलं. हॉटेलच्या विम्यावाल्यांनी कळवलं की हे सौंदर्यासाठीचं ऑपरेशन दिसतं. पन्नाशीला टेकलेली बाई, एकवीस वर्षं पाय बुटात कोंबून उभी, आणि हे सौंदर्यासाठी. डॉक्टरनं त्यांना पत्र लिहिलं तेव्हा त्यांनी ऐकलं.

ऑपरेशनच्या दिवशी कंबरेत इंजेक्शन दिलं आणि मी जागीच होते. पडद्यापलीकडे सुताराच्या कामासारखा आवाज येत होता. दुखत नव्हतं, पण पाय माझा आहे हे कळत होतं. घरी आणलं तेव्हा पायावर गुडघ्यापर्यंत जाड पट्ट्या होत्या आणि आमचा जिना एकोणीस पायऱ्यांचा. मी पाठमोरी बसून, हातांवर भार टाकत, एकेक पायरी बसूनच वर चढले. नवरा मागे वॉकर धरून उभा होता. खालून अक्का सांगत होत्या, "निधानवागि, निधानवागि," म्हणजे सावकाश.

पहिले तीन दिवस पायात ठोके पडायचे. दोन उशांवर पाय, छातीपेक्षा उंच. खाली सोडला की रक्त उतरायचं आणि पट्टीच्या आत पाय फुटतोय असं वाटायचं. पंधराव्या दिवशी टाके काढले आणि प्लास्टर घातलं. आंघोळीला प्लास्टिकच्या स्टुलावर बसायचं, प्लास्टरला पिशवी बांधून पाय बादलीवर ठेवायचा. वॉकर घेऊन एका पायावर उड्या मारत संडासला जायचं. हे सगळं डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं, म्हणून त्याचा त्रास झाला पण राग आला नाही. राग आला तो दुसऱ्याच गोष्टींचा.

नवऱ्यानं पहिला आठवडा मनापासून केलं. उप्पीट करायचा, औषधं द्यायचा, कपडे वाळत घालायचा. दुसऱ्या आठवड्यापासून रोज सकाळी विचारायला लागला, "आज कसं वाटतंय? थोडं टेकवून बघायचं का?" मी सांगायचे, सहा आठवडे. तो म्हणायचा, "मागच्या वेळी तर..." चौथ्या आठवड्यात दिरांकडची माणसं न सांगता आली आणि नवरा दारातूनच म्हणाला, "बसा, चहा होतोच आहे." कोण करणार होतं तो चहा, हे त्यानं सांगितलं नाही. त्यानं केलाही, पण भांडी मोठ्यानं आपटत.

तिसऱ्या आठवड्यातलं एक मात्र मी विसरणार नाही. दूध गॅसवर ठेवून तो आतल्या खोलीत फोनवर बोलत होता. मी स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर बसले होते, पाय समोरच्या स्टुलावर. दूध वर यायला लागलं. मी हाक मारली. परत मारली. तिसऱ्यांदा ओरडले. दूध उतू जाऊन ज्योत विझली आणि गॅसचा वास आला. वॉकर हाताला लागेना. मी उठले आणि त्या पायावर दोन पावलं टाकली. बटण बंद केलं आणि ओट्याला धरून तशीच खाली बसले. मधल्या सांध्यात, जिथं आत धातूची पट्टी आणि स्क्रू होते, तिथून कळ गुडघ्यापर्यंत गेली.

तो बाहेर आला. "हाक मारायचीस ना," म्हणाला.

मी त्याला वॉकर आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी परत महादेवपुऱ्याला, परत एक्स-रे. सांधा हलला नव्हता. डॉक्टरनं नवऱ्याकडे बघून विचारलं, "गॅसजवळ या का होत्या?" तो म्हणाला, "नाही, म्हणजे, मी होतो घरात." त्यानंतर अक्का रोज दुपारी हुळी, म्हणजे आंबट आमटी, आणि भात घेऊन वर यायच्या आणि तो ऑफिसमधून येईपर्यंत बसायच्या. फारसं बोलायच्या नाहीत, शेंगा सोलायच्या. त्यांच्या गुडघ्यांना एकोणीस पायऱ्या झेपत नव्हत्या हे मला दिसत होतं. नवऱ्यालाही दिसत असणार. एकदा त्या उतरून गेल्यावर तो म्हणाला, "मी उद्यापासून दुपारी येऊन जाईन." आला, चार दिवस.

सहा आठवड्यांनी हाड जुळायला लागलेलं दिसलं आणि मी कडक तळाच्या बुटात पाय टेकवला. मला वाटलं होतं आनंद होईल. पोटरी काठीसारखी झाली होती आणि पाऊल माझं वाटत नव्हतं. टाचेवर भार टाकत घरातल्या घरात शिकले. मग व्यायाम, जमिनीवर टॉवेल पसरून तो बोटांनी गोळा करायचा. अंगठा ऐकायचा नाही. तीन महिन्यांनी रुंद, सपाट, दिसायला बेढब असे बूट घालून मी रस्त्यावर चालले. संध्याकाळी पाय अजूनही सुजतो. अंगठ्याच्या आतल्या बाजूला रुपयाएवढी जागा बधिर आहे. अंगठा पूर्ण सरळ नाही, पण शेजारच्या बोटावर चढत नाही, आणि चादर लागली तर जीव जात नाही. तळव्यातला खडा गेला. डॉक्टर म्हणाली, चांगलं जमलंय. मलाही तसं वाटतं. कधीकधी पाय धुताना आईची आठवण येते. तिला दुखतं का हे कुणी कधी विचारलंच नाही, आणि त्या कुणीमध्ये मीही आहे.

हॉटेलात परत गेले ते रुंद बुटांतच, चिठ्ठी आणि लेखी अर्ज घेऊन. मॅनेजर परत मागच्या खोलीबद्दल बोलायला लागला तेव्हा मी म्हणाले, "तुमचा नकार मला लिहून द्या. बाकी मी बघते." लिहून द्यायची वेळ आली तेव्हा त्यानं आठ दिवस घेतले आणि परवानगी दिली. फक्त मला. 'वैद्यकीय कारणास्तव विशेष बाब' असं त्या कागदावर आहे. बाकीच्या मुली अजून त्याच बुटांत उभ्या असतात.

त्यातली एक नागपूरची आहे, चोवीस वर्षांची, गेल्या वर्षी आली. एका दुपारी काउंटरमागे ती बूट काढून पाय पायावर घासत होती. मी खाली बघितलं. तिच्या दोन्ही अंगठ्यांच्या बुडाशी लाली होती. मी विचारलं, तुझ्या आईचे पाय कसे आहेत गं? ती हसली. "मॅडम, असं काय विचारता? मला अजून काही त्रास नाहीये. फॅशन शूजनी थोडं होतंच ना." मी तिच्यावर एकदम भडकले. नको तितकं बोलले, पाहुणा समोर असताना. ती रडवेली झाली आणि आठवडाभर माझ्याबरोबर शिफ्ट लावून घेईना. राग चुकीच्या माणसावर निघाला, हे मला बोलतानाच कळत होतं.

नंतर मी तिची माफी मागितली आणि तिला रुंद बुटांचं दुकान सांगितलं, कामावर नाही तर निदान येता-जाता घाल म्हणून. मग नवीन अर्ज लिहिला. काउंटरवरच्या सगळ्यांना सपाट बूट आणि तासातून दहा मिनिटं बसायची मुभा. त्यावर तिघींच्या सह्या आहेत, माझी धरून. नागपूरच्या मुलीची नाही. तिची नोकरी कंत्राटावर आहे, दर सहा महिन्यांनी कागद बदलतो. ती पेन हातात घेऊन उभी होती. मी म्हणाले, "राहू दे. तू नको करूस."

अर्ज देऊन सात आठवडे झाले. 'विचाराधीन आहे' असं उत्तर आलंय. मी दर सोमवारी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मॅनेजरच्या खोलीत जाते आणि उभी राहते. तो म्हणतो, "बसा ना, ताई." मी त्याला सांगते की मी उभ्यानंच विचारेन.